समुद्राचा पलीकडचा काठ

समुद्र माझ्या रक्तात आहे. खाऱ्या वाऱ्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि चार दिवस जमिनीवर काढावे लागले तर माझे पाय आपोआप डुलू लागतात. ही वाक्ये सव्वीस पुस्तकांच्या मागच्या पानावर छापलेली आहेत आणि ती माझीच आहेत. प्रत्यक्षात समुद्र मी एकदाच पाहिला, अलिबागला, हपिसातल्या मंडळींच्या सहलीत, चाळीस मिनिटे, आणि त्यातली पंचवीस मिनिटे मी वाळूत गेलेली डाव्या पायाची चप्पल शोधत होतो. उरलेल्या पंधरा मिनिटांवर मी चौदा वर्षे काढली. त्या वाक्यांच्या वर एका दाढीवाल्या माणसाचा फोटो असे. तो मालकांच्या मेहुण्याचा, आणि मेहुणे टेंभुर्णीला सायकली दुरुस्त करीत. तोंडातला पाइप छापखान्याच्या ब्लॉकवाल्याने मागाहून काढलेला. खाली नाव, कॅप्टन सागर. मालक म्हणजे आमचे पुण्याचे प्रकाशक. कॅप्टन सागर नावाचा माणूस कधी जन्मला नव्हता, त्यामुळे तो म्हातारा होण्याची, आजारी पडण्याची किंवा रुसून बसण्याची भीती नव्हती, आणि मालकांना त्याचा हाच गुण सर्वांत जास्त आवडे. त्याच्या नावाने लिहायचे मी. मी मोहनराव, वालचंदनगरच्या टाइम ऑफिसात कोण किती वाजता आत आला याची नोंद ठेवणारा. पाळीचा भोंगा झाला की क्वार्टरमध्ये यायचे, चहा घ्यायचा, आणि हंबीर व त्याची बहीण तारा यांना ‘लाडकी’ नावाच्या गलबतात बसवून वादळात सोडून द्यायचे. हिने हाक मारली की वादळ थांबे. लसूण सोलून झाला की पुन्हा सुरू होई.

ते सगळे सुरळीत चालले होते. पंच्याण्णव सालच्या एप्रिलात मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला इंदापूरला गेलो आणि परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यासमोर उभा राहिलो. आपले पुस्तक कुणी उचलते का ते बघायची मला खोड होती. लेखकाचे नाव दुसऱ्याचे असले की ही खोड निर्धास्तपणे भागवता येते. तिथे दोरीला चिमट्याने लटकवलेले ‘बुडालेल्या अंगणातला खजिना’ दिसले. कॅप्टन सागर, पुस्तक सत्ताविसावे. सत्ताविसावे पुस्तक मी लिहिले नव्हते. मालकांनी मला कळवले होते की त्यांच्या ज्योतिषाने सत्तावीस हा आकडा वगळायला सांगितला आहे, तेव्हा आपण सव्विसावरून थेट अठ्ठाविसावर जाऊ. मला ते पटलेही होते. मी अठ्ठाविसावे लिहून दिले होते. आता सत्ताविसावे माझ्या डोळ्यांसमोर वाऱ्याने हलत होते आणि मागच्या पानावर माझीच वाक्ये होती, समुद्र माझ्या रक्तात आहे. आपला सदरा दुसऱ्याच्या अंगात दिसला तर माणसाला राग येतो. पण तो त्याला आपल्यापेक्षा नीट बसलेला दिसला तर काय येते, याला मराठीत शब्द नसावा. मी पुस्तक घेतले आणि उभ्याने वाचू लागलो. वालचंदनगरच्या दोन गाड्या गेल्या. तिसरीचा कंडक्टर ओळखीचा होता, त्याने दंडाला धरून आत बसवले, तेव्हा मी चौथ्या प्रकरणात होतो.

गोष्ट साधी होती. उन्हाळ्यात समुद्र मागे हटतो. दोन महिने हटलेलाच राहतो. खालून एक गाव वर येते, आणि काठावरचे लोक त्या ओल्या गाळात काकडी पेरतात. हंबीर आणि तारा त्या गावात खजिना शोधायला उतरतात. माझ्या सव्वीस पुस्तकांत खजिना बहुधा गुहेत असे, गुहेच्या तोंडाशी सापळा असे, आणि अंधार ‘काळाकुट्ट’ असे. इथे हंबीर एका घरात शिरतो तेव्हा लिहिले होते : ‘हंबीरने पाय ठेवला ते जाते होते. पूर्वेस निंबाचा बुंधा. पश्चिमेस भिंत, दीड हात उरलेली. दक्षिणेस दावण, सहा जनावरांची. उत्तरेस येण्याजाण्याची वाट. मधे चूल. चुलीत गाळ, आणि गाळात एक खेकडा, तो म्हणाला काही नाही.’ तो म्हणाला काही नाही. या तीन-चार शब्दांसाठी मी चालत्या एस.टी.त डोके खिडकीच्या गजाला टेकवून बसलो. मी असतो तर खेकड्याला बोलायला लावले असते. वर एक गाणेही म्हणायला लावले असते. या माणसाने समुद्र ‘अथांग’ आहे असे एकदाही म्हटले नव्हते. उलट त्याच्या समुद्राला पलीकडचा काठ होता, आणि त्या काठावर संध्याकाळी दिवे लागत. ही चूक आहे हे मला कळत होते. समुद्राला पलीकडचा काठ नसतो, निदान दिसत नाही, एवढे मला पंधरा मिनिटांतही समजले होते. पण वाचताना असे वाटत राहिले की चूक माझी आहे, सव्वीस पुस्तके माझे पलीकडे बघायचे राहूनच गेले.

माझा समुद्र कसा बनवलेला होता ते मला चांगले ठाऊक होते. माझे बालपण वडगाव निंबाळकरात भाजीच्या मळ्यात गेले. तिथे पाणी म्हणजे कालव्याची पाळी. ते सांगून येते, दंडातून, म्हणजे मळ्यातल्या लहान पाटातून, येते, आणि वांग्यांच्या सरीत शिरते तेव्हा बोटभर असते. त्या बोटभर पाण्याला मी शब्दांनी उंच केले. लाटेचा आवाज कारखान्याच्या वाफेचा घेतला. क्षितिज ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून. शीड, डोलकाठी, सुकाणू, तांडेल हे शब्द एका जुन्या कोशातून एका वहीत उतरवून ठेवले होते, आणि गोष्ट कोरडी वाटू लागली की त्यात दोन टाकायचे, भाजीत मीठ टाकावे तसे. मुलांना ते चाले. मुलांची पत्रे मालकांकडे येत आणि मालक ती गठ्ठ्याने मला पाठवत, कारण उत्तरेही कॅप्टननेच द्यायची असत. ‘आम्ही सध्या मालदीवजवळ आहोत,’ असे मी कितीदा तरी वालचंदनगरच्या शिक्क्याने लिहिले असेल. कुणीही शंका काढली नाही. माणसाला एवढ्या सहजपणे खोटे बोलू देणाऱ्या जगाबद्दल मला आदरच वाटत आला होता. आता घरी येऊन मी माझे अठ्ठाविसावे उघडले, त्यातल्या एका वादळाच्या वर्णनापाशी थांबलो, आणि मला त्यात फक्त मीठ लागले.

सत्ताविसावे पाहिल्याचे मी मालकांना कार्डाने कळवले होते. मे महिन्यात त्यांचे पाकीट आले. आत एक हस्तलिखित आणि चिठ्ठी. मालक आडपडदा ठेवणारे गृहस्थ नव्हते. पकडले गेले की ते ताबडतोब प्रामाणिक होत. त्यांनी लिहिले होते की आपल्या मालिकेला आता एक दुसरे कॅप्टन आहेत, ते तुम्हाला सांगायचे राहिले, आणि ज्योतिषाचे निमित्त केल्याबद्दल ज्योतिषी रागावणार नाही अशी आशा आहे. सत्ताविसाव्यावर पोरांची इतकी पत्रे आली आहेत की पोस्टमन जिन्याखालून हाका मारतो. पण कोकणातल्या एका मुख्याध्यापकांचेही पत्र आले आहे. समुद्रात काकड्या कुठल्या, आणि कुठला समुद्र दोन महिने सुटीवर जातो, असे त्यांनी विचारले आहे, आणि शाळांच्या यादीतून मालिका काढून टाकावी असे वर लिहिणार आहेत. शाळांची यादी गेली तर कॅप्टन बुडाले. तरी सोबत एकोणतिसाव्याचे हस्तलिखित धाडतो. यातला समुद्र दुरुस्त करा. हटणारा, पेरता येणारा, पलीकडे काठ असणारा समुद्र चालणार नाही. दुरुस्त होत नसेल तर तसे कळवा. दुसऱ्या कॅप्टनना नारळ देऊ आणि सगळी पुस्तके पूर्वीसारखी तुम्हीच लिहा. शेवटी एक ओळ होती, ती मी त्यांच्या थट्टेच्या स्वभावामुळे दोनदा वाचली, पण ती थट्टा नव्हती : ‘समुद्राच्या बाबतीत तुमचा शब्द अखेरचा.’

मी तांबडी पेन्सिल घेऊन चार दिवस बसलो. मनात आले नाही असे नाही. ‘दुरुस्त होत नाही’ ही दोन-तीन अक्षरे कार्डावर लिहायची आणि पोस्टात टाकायची, एवढेच होते. ते खोटेही झाले नसते, आणि मी तर खोट्याचाही कंटाळा केलेला माणूस नव्हतो. हस्तलिखित फुलस्केपवर होते, डावीकडे पाव कागद दुमडून समास सोडलेला, अक्षर टपोरे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ‘विषय’ लिहिलेला. विषय : हंबीर गाळात रुतल्याबाबत. विषय : ताराने दोर टाकण्यास विलंब केल्याबाबत. सत्ताविसाव्यातून मालकांनी हे विषय काढलेले दिसत होते, आणि मला मालकांची कीव आली. पहिल्या दिवशी मी समुद्र हटण्याचे पान कापले. मग त्या पानावर उभे असलेले घर कुठे ठेवावे ते सुचेना. घर काढले, तर घरात शिरलेली तारा उघड्यावर आली. तिला गुहेत हलवली, तर ती तिथे जे बोलली ते गुहेत कुणी बोलणार नाही. ती म्हणाली होती, ‘इथे कुणाचा तरी हात भिंतीला रोज लागत होता, बघ, एवढीच जागा गुळगुळीत आहे.’ मी कापलेले सगळे पुन्हा डिंकाने चिकटवले. चौथ्या दिवशी ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तुम्ही स्वतःचं लिहिता तेव्हा दर पानाला चहा मागता, ह्या चार दिवसांत एकदाही मागितला नाहीत, तब्येत बरी आहे ना. मी बरी आहे म्हणालो. ती म्हणाली, मग कुणीतरी चांगलं लिहिलेलं दिसतंय. आमचा संसार छत्तीस वर्षांचा होता, आणि तिला माझ्या पुस्तकांबद्दल इतके नेमके बोलताना मी पहिल्यांदा ऐकले.

मालक आलेल्या पाकिटाचा कागद उलटा करून पुन्हा वापरत. ती त्यांची शिस्त होती. माझे पाकीट मी फाडून सरळ केले, आणि आतल्या बाजूला, जी पूर्वी बाहेरची होती, तेच टपोरे अक्षर दिसले. पाठवणार : सारजा, आणि पुढे उजनीच्या पाण्याकाठच्या एका नव्या गावठाणाचे नाव, तालुका इंदापूर. मी खुर्चीत मागे टेकलो. उन्हाळ्यात हटणारे पाणी. खालून येणारे गाव. गाळातल्या काकड्या. संध्याकाळी पलीकडच्या काठावर, करमाळ्याच्या अंगाला, लागणारे दिवे. धरणाच्या त्या पाण्याजवळून मी शंभरदा एस.टी.ने गेलो होतो, आणि शंभरही वेळा डोळे मिटून गलबत कसे उलटवावे याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी पिशवीत हस्तलिखित घालून निघालो. हिला सांगितले की दुरुस्ती समजावून द्यायला जातो. स्वतःला सांगितले तेच, थोड्या मोठ्या आवाजात. नव्या गावठाणात रस्ते काटकोनात होते आणि झाडे अजून रस्त्यांपेक्षा लहान होती. सारजाबाईंचे घर विचारले तर बाजेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला खालीवर न्याहाळले. ते तिचे सासरे, म्हस्कूआबा. पूर्वी दोनशे मेंढरे घेऊन पार घाटापर्यंत चालत जाणारे, आता पाइपलाइनच्या पाण्यावर चाऱ्याचा घास पिकवणारे. त्यांनी आधी मला पाणी दिले, मग विचारले की मी कुठल्या खात्याचा. मी म्हटले, खात्याचा नाही, सारजाबाई लिहितात त्या कामासाठी आलोय. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी पटका नीट केला.

“म्हंजी अर्ज पोचला म्हना की,” ते म्हणाले. “येवडे ताव लिवती, सुट्टीच न्हाय. म्या म्हनायचो, सारजे, सरकार येवडं वाचत न्हाय गं. पर ती म्हनायची, वाचत्यात आबा.”

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार. त्यांनी मग सांगितले ते असे. धरण झाले तेव्हा गाव उठले. सारजा सून होऊन आली ती सातवी शिकलेली, आणि सातवी शिकलेले माणूस त्या घरांत एकच. म्हणून सगळ्या गावाचे अर्ज तिने लिहिले. कुणाची भिंत मोजणीत राहिली, कुणाचा गोठा कागदावर आलाच नाही, कुणाचे झाड साहेबाने झुडूप धरले. एकेका घराचे दहा-दहा अर्ज, दहा-बारा वर्षे. चारी दिशांना काय होते ते लिहायचे, मधे काय होते ते लिहायचे, आणि आपल्याला काय वाटले ते लिहायचे नाही, कारण वाटण्याला कागदावर रकाना नसतो. हे शेवटचे आबा नाही बोलले. ते मी बाजेच्या कडेला बसून मनाशी जुळवले. तो दीड हात भिंतीचा, सहा जनावरांच्या दावणीचा हात कुठे तयार झाला ते मला समजले, आणि माझ्या कोशातल्या शब्दांची वही मला पिशवीत असल्यासारखी जड वाटू लागली. असे लिहिणाऱ्या माणसाचा गुरू कोण, याचा मी चार दिवस विचार करत होतो. मोठमोठ्या परदेशी लेखकांची नावेही मनात आणून पाहिली होती. गुरू पुनर्वसनाचा छापील नमुना निघाला.

ती खाली आहे, जुन्या गावात, असे आबा म्हणाले, जसे कुणी मागच्या परसात आहे म्हणावे. मी पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि उतरू लागलो. आधी खडक, मग भेगाळलेली माती, मग ओल. पाणी लांबवर पत्र्यासारखे पडले होते. जमीन जसजशी मऊ होत गेली तसे माझे सगळे खजिने, आणि ज्या ज्या पाण्याखालच्या नगरीत मी हंबीरला नाकात हवा भरून पाठवले होते त्या सगळ्या, एकेक करून मनातून गळू लागल्या. खरे बुडालेले गाव फार बुटके असते. कमरेच्या वर काही उरत नाही. मी एका चौकोनात शिरलो आणि उगीचच कडेकडेने चालू लागलो, कुणाच्या घरात मधून चालावे कसे म्हणून. निंबाचा बुंधा दिसला. त्याच्या समोर दीड हात भिंत. मी छापील पान तोंडपाठ असलेला माणूस. मला पुढे काय येणार ते माहीत होते, आणि तरी जाते दिसल्यावर मी थांबलो, जसे एखाद्या अनोळखी गावात कुणी नावाने हाक मारावी. त्या पलीकडच्या चौकोनात काकडीचे वेल होते, आणि एक बाई ओणवी होऊन तोडणी करत होती. चाळिशीची असेल. ती सरळ झाली, आणि पाहुणा घरात उभा आहे हे बघून तिने पदर सारखा केला. चहूकडे भिंत नव्हती तरी केला.

मी पुण्याच्या प्रकाशकांकडून आलो असे सांगितले. माझे नाव सांगितले, ते तिला काहीच वाटण्यासारखे नव्हते. तिने बसायला जाते दाखवले आणि म्हणाली, हे आमच्या सासूबाईंचे, बानूबाईंचे घर, सत्ताविसाव्यात आले ते. आता एकोणतिसाव्यात शेजारचे छबूबाईंचे. एका पुस्तकात एक घर. एकूण एकेचाळीस. मी विचारले की हे मालकांना माहीत आहे का. ती हसली. मालकांच्या पत्त्यावर तिने कधीतरी कॅप्टनसाहेबांच्या नावे पत्र लिहिले होते, की तुमचा समुद्र उन्हाळ्यात कुठे जातो ते तुम्ही लिहीत नाही, आमचा अमुक ठिकाणी जातो. सहा पानी, समास सोडून. मालकांनी उलट टपाली पुस्तकच मागितले. मी मनात हिशेब केला, वर्षाला दोन धरली तरी वीस वर्षे. तिला तो हिशेब सांगितला नाही. हस्तलिखित काढले, मुख्याध्यापकांचे सांगितले, आणि शक्य तितक्या मऊपणाने म्हटले की मालकांचे म्हणणे समुद्र दुरुस्त करावा. तो हटता कामा नये. नाहीतर ते तुमची पुस्तके घेणे थांबवतील.

ती पाटीतल्या काकड्या सारख्या करू लागली. रागावली नाही. अर्ज परत येण्याची सवय असलेल्या माणसासारखी ती फक्त कुठे अडले ते शोधत होती.

“समुद्र हटायचा न्हाय,” ती म्हणाली, “मग घरं कुठं न्यायाची?”

हा प्रश्न तिने मला विचारलेला नव्हता, तरी मी उत्तर शोधत जात्याच्या खुंट्याचे भोक बोटाने चाचपत बसलो. मग तीच बोलू लागली. अर्ज लिहून लिहून बोटाला घट्टा पडला, पण ते कुणी वाचले नाहीत. वाचले असते तर एखाद्याने तरी विचारले असते, की बाई, बानूबाईच्या भिंतीतल्या कोनाड्यात काय होते. सत्ताविसाव्या पुस्तकावर साताऱ्याच्या एका पोरीने पत्र टाकून तेच विचारले. कोनाड्यात काय होते. तिने ते पत्र ओच्यात ठेवले होते, पण काढून दाखवले नाही, नुसता हात लावला.

“अर्ज कुनी वाचला न्हाय, सायब. ह्ये पोरं वाचत्यात.”

मग ती म्हणाली की दोष तिचाच असेल, कारण तिने समुद्र बघितलेला नाही. पहिली पुस्तके ज्याने लिहिली तो माणूस दर्यावर जन्मलेला आहे, ते कळतेच. मी घाईघाईने म्हटले की तसे काही नसावे. तिने मान हलवली आणि मला माझेच वाक्य म्हणून दाखवले, तिसऱ्या पुस्तकातले, जे मी कधीच विसरलो होतो. ‘गलबत हलले तेव्हा काठावरची आई आधी पदराएवढी झाली, मग बोटाएवढी, आणि मग नुसती तिथे असावी असे वाटत राहिले.’ हे न बघता लिहिता येत नाही, ती म्हणाली. गाव उठले त्या दिवशी ट्रकमध्ये बसून तिने हेच बघितले होते, फक्त मागे आई नव्हती, घर होते. मला एकोणीसशे सत्तावन्न साल दिसत होते. नोकरी लागली म्हणून मी वडगावहून निघालो तो भाजीच्या ट्रकमधून, वांग्यांच्या पाट्यांमध्ये ट्रंक घालून, आणि आई बांधावर उभी होती. तीस मैलांचे अंतर. पुढच्या रविवारी मी घरी आलो होतो. या वाक्यात समुद्राचा थेंब नव्हता, तो मी कोशातून टाकला होता, आणि या बाईने मीठ बाजूला काढून नेमके तेवढेच ठेवून घेतले होते. चौदा वर्षांत माझे कुणी इतके नीट वाचले नव्हते. मी तर नव्हतेच.

दुरुस्तीचे तिने आपले आपणच सोडवले. मी विचारले की मुख्याध्यापकांना काय सांगावे. ती म्हणाली, शाळेत भरती-ओहोटी शिकवतात का. मी म्हटले शिकवतात. रोज येते, रोज जाते. ती एक काकडी उचलून तिची माती पुसत म्हणाली, मग पहिल्याच पानावर गलबतावरच्या म्हाताऱ्या तांडेलाच्या तोंडी घाला.

“म्हनावं, पोरांनो, सगळ्या समुद्रांला रोज ओहोटी लागती. ह्यो समुद्र म्हातारा हाय. ह्याला वर्साला येकदाच लागती.”

मी चार दिवस तांबडी पेन्सिल झिजवली होती. मी पेन काढले, गुडघ्यावर हस्तलिखित ठेवले, आणि तिचे वाक्य पहिल्या पानावर तिच्याच भाषेत उतरवले, एक अक्षर न बदलता. पलीकडचा काठ ठेवला. काकड्या ठेवल्या. ‘विषय’ही ठेवले, आणि प्रत्येकाच्या खाली मालकांनी हात लावू नये अशी खूण केली. मग समासात, त्या दुमडून सोडलेल्या पाव कागदात, मालकांसाठी लिहिले : ‘हा समुद्र मी स्वतः जाऊन पाहिला. सर्व बरोबर आहे. काही काढू नये. पुढचीही सर्व पुस्तके अशीच यावीत.’ मालकांनी अखेरचा शब्द ज्याला दिला होता त्यानेच सही करणे भाग होते. खाली सही केली, कॅप्टन सागर. या नावाने पाहिलेले असे काही मी त्यापूर्वी कधी लिहिले नव्हते. ‘सागर’मधला र थोडा लांब गेला.

तिला कागद उलटा वाचता येत होता. इतकी वर्षे साहेबांच्या टेबलासमोर उभे राहून काढली की तेही येते. तिचे डोळे सहीपाशी आले आणि थांबले. मग ते माझ्या चेहऱ्यावर आले, दाढी शोधून परत गेले. मी पेनाचे टोपण लावले. पाण्यावरून वारा येत होता, पलीकडे करमाळ्याची बाजू स्वच्छ दिसत होती, आणि मला वाटले, आता. चौदा वर्षे मी हा क्षण निरनिराळ्या ठिकाणी घडवून पाहिला होता, कधी शाळेच्या व्यासपीठावर, कधी आगगाडीच्या डब्यात : कुणीतरी ओळखेल, त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि मी नम्रपणे खाली बघेन. मी खाली बघितले. तिला मला सांगायचे होते ते सगळे ऐकायला मी तयार झालो, आणि मला तिला सांगायचे होते तेही जुळवून ठेवले, की बाई, खरा कॅप्टन तुम्ही आहात. फार चांगले वाक्य होते.

“व्हय का,” ती म्हणाली. मग तिने काकडीने भरलेल्या पाटीखाली एक हात घातला, डोक्यावरची चुंबळ दुसऱ्या हाताने नीट केली, आणि माझी वाट बघत उभी राहिली.

“मग कॅप्टन, येवडा पाटीला हात लावा.”